समुद्रावरच्या वाऱ्याची उलटतपासणी

धोटे, हे तू काही बरं केलं नाहीस. भांडण अर्धवट टाकून निघून जायची तुझी पद्धत नव्हती. मीच वैतागून म्हणायचे, पुरे रे आता, आणि तू खुर्ची आणखी पुढे ओढून बसायचास. आणि नेमकं या वेळी, जे भांडण तडीला जायलाच हवं होतं, त्यातूनच उठून गेलास. आपल्या कॉलेजच्या बॅचवाल्यांनी तुझ्यावर काहीतरी लिहून दे म्हणून माझ्या मागे लकडा लावलाय. तुझा जन्म, शिक्षण, सत्कार वगैरे तेच लिहितील, त्यांना ते छान जमतं. मला तुझ्याशी बोलायचंय, आणि त्यातलं बरंचसं मी चिडूनच बोलणार आहे. उलट बोलायची सोय आता तुझ्याकडे नाही, तेवढाच माझा फायदा.

ज्यांना आपलं काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, तू तोवर जांभया दे. कुणाला पवनचक्क्या उभ्या करायच्या असल्या की ते आधी आपल्याकडे यायचे. तिथे वारा किती, वर्षाला वीज किती निघेल, हे आपण मोजून सांगायचो, आणि आपला आकडा बघून बँक कर्जाचं ठरवायची. सदाशिव पेठेत दातांच्या दवाखान्याच्या वर दोन खोल्या, खालून ड्रिलचा आवाज, समोर स्पर्धा परीक्षांचा क्लास, आणि त्यात बसून आपण साताऱ्या-सांगलीकडच्या डोंगरांवरचा वारा मोजायचो. पेठेत वारा येतोच कुठून, असं खालचे डॉक्टर दर वेळी विचारायचे आणि स्वतःच हसायचे.

तू विदर्भातला, कोळशाच्या गावचा. कॉलेजात आलास तेव्हापासून तुझं एकच पालुपद होतं, काऊन, म्हणजे आपलं का. प्रोफेसरांना काऊन, मेसच्या काकूंना काऊन. पोह्यांवर तर्री नाही, काऊन? चहा अर्धाच कप, काऊन? पुण्यात असे प्रश्न विचारणाऱ्याला लोक एक तर शहाणा म्हणतात किंवा अतिशहाणा, आणि तुला दुसरं म्हणणाऱ्यांत मी पहिली होते. आपण ऑफिस थाटलं आणि तुझं काऊन तासातासाला सुरू झालं, तेव्हा मी त्याला एक वार नेमून दिला. आठवडाभर तोंड मिटून काम करायचं आणि शनिवारी दुपारी हवं तितकं विचारायचं. त्याला आपण उलटतपासणी म्हणायला लागलो. ज्याने अहवाल लिहिला तो आरोपीच्या खुर्चीत, दुसरा समोर, मधे चहा आणि खारी. समोरच्याचं समाधान झाल्याशिवाय अहवाल ऑफिसातून हलायचा नाही. झालं की शेवटच्या पानावर दोन सह्या, एक लिहिणाऱ्याची आणि एक भांडणाऱ्याची. आधी लोकांनी चेष्टा केली. मग तेच फोन करून विचारायला लागले, धोट्यांनी पाहिलंय ना?

मग समुद्राचं काम आलं. गुजरातच्या किनाऱ्यापासून पुष्कळ आत, भर पाण्यात पवनचक्क्या. आपल्याकडे असं काम अजून कुणी उभं केलेलं नव्हतं. ते उभं करणाऱ्या कंपनीचे केळकर ऑफिसात येऊन सगळं सांगून गेले, आणि तू तडक जिना उतरलास. मला वाटलं, याला हे पटलेलं नाही. तर तू जिलबी घेऊन आलास. तू, ज्याला पुण्याच्या जिलबीत काही राम नाही असं कायम वाटायचं. एक अख्खी जिलबी तोंडात कोंबून म्हणालास, "आता होते बाई, आता होते." काय होतंय ते मी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं.

तुझ्या आईची गोष्ट तू मला एकदाच सांगितली होतीस. तुमच्या घरापासून वीज केंद्राची धुराडी दिसायची. तुझी आई रोज सकाळी आधी तुळशीची पानं पाण्याने धुवायची, मग पूजा करायची, कारण रात्रीतून पानांवर राख बसलेली असायची. तुला लहानपणी वाटायचं की सगळीकडे पूजा अशीच करतात. पुण्यात आमच्या घरी पहिल्यांदा आलास तेव्हा माझ्या आईला विचारलंस, काकू, तुम्ही पानं धूत नाही का? आईला वाटलं, हा पोरगा आपल्याला अस्वच्छ म्हणतोय. पुढे कितीतरी दिवस ती तुझ्याविषयी जपूनच बोलायची. जमिनीवरच्या पवनचक्क्या तू मन लावून केल्यास, पण तेवढ्याने तुमची धुराडी थंड होणार नाहीत हे तुला कळत होतं. समुद्रातला वारा मोठा आणि सलग. तो हाती लागला तर होतील, हा तुझा हिशेब होता.

वारा मोजायला आपण समुद्रात तरंगता बोया सोडला, त्यावर लेझरने वारा मोजणारं यंत्र. तो सोडायच्या दिवशी बोटीत तुझे जे हाल झाले ते मी कुणाला सांगणार नाही असं कबूल केलं होतं. आता सांगते. तू पूर्ण प्रवासभर ओकत होतास. आलेपाकाच्या वड्या संपल्या, लिंबं संपली, खलाशी तुझ्याकडे बघायचं टाळायला लागले. परत फिरू या का, असं मी विचारलं तर तू मानेनेच नाही म्हणालास. बोया पाण्यात उतरला, त्याचा दिवा लागला, तेव्हा तू कठड्याला धरून उभा राहिलास. चेहरा पांढराफटक. चहूकडे पाणी, वारा असा की उभं राहवत नव्हतं. तू म्हणालास, "इथं काही कोणाची तुळस नाही." आणि पुन्हा वाकलास. मी तेव्हा हसले होते. आता ते आठवलं की हसू येत नाही.

वर्षभर मोजलं. त्यात आषाढातले काही दिवस मात्र कोरे निघाले. त्या दिवसांत समुद्र खवळला होता, ऊन नव्हतं, बोयाच्या बॅटऱ्या उतरल्या आणि यंत्र गप्प झालं. असं होतं. डोंगरावरचं यंत्रही कधी बंद पडतं, तेव्हा शेजारच्या यंत्रावरून त्या दिवसांचा वारा आपण काढतो. इथे किनाऱ्यावर आपला एक उंच खांब होता, त्यावर वारा मोजला जात होता. एरवी किनाऱ्यापेक्षा समुद्रावर वारा किती जास्त असतो ते वर्षभराच्या मोजणीतून कळलं होतं. तोच हिशेब मी त्या कोऱ्या दिवसांना लावला. वारा भरपूर निघाला. त्या दिवसांत पवनचक्क्या पूर्ण जोरात चालतील आणि भरपूर वीज देतील असं उत्तर आलं. वर्षाचा आकडा असा झाला की केळकरांची बँक आनंदाने हो म्हणेल.

शनिवारी मी आरोपीच्या खुर्चीत बसले आणि तू पहिलाच प्रश्न त्या दिवसांवर विचारलास. यंत्र बंद पडलं, काऊन? मी म्हटलं, वादळी हवेमुळे. मग वादळी दिवसांचा वारा तू साध्या दिवसांच्या हिशेबाने काढलास, काऊन? मी म्हटलं, दुसरा हिशेब आपल्याकडे नाही. तू म्हणालास की नाही तर नाही म्हणावं. वारा मर्यादेबाहेर गेला की पवनचक्की बंदच ठेवावी लागते, नाहीतर मोडते. त्या दिवसांत वारा त्या मर्यादेच्या आत होता की बाहेर, हे सांगणारं एकच यंत्र होतं आणि तेच तेव्हा मुकं झालं होतं. शिवाय अशा समुद्रात एखादी पवनचक्की बिघडली तर दुरुस्तीला बोट जाऊ शकत नाही, समुद्र शांत होईपर्यंत ती बंदच. आणि तू तिथे पूर्ण जोराची वीज धरतेस, म्हणालास.

हे मला कळत नव्हतं असं नाही. पण मला दुसरंही काही कळत होतं, आणि तेही तितकंच खरं होतं, हे मी आजही म्हणते. कंपनीचा धीर संपत आला होता. आणखी एक वर्ष मोजू या म्हटलं असतं तर त्यांनी समुद्राचा नाद सोडून दिला असता. पहिलं काम उभंच राहिलं नाही तर दुसरं येणार कुठून? सगळीच शंका मिटेपर्यंत थांबायचं म्हटलं तर जगात काही उभं राहत नाही. तू ऐकेनास. चहा निवला, खारी तशीच राहिली. खालचा दवाखाना बंद झाल्यामुळे आपले आवाज पार जिन्यापर्यंत जात होते. रेवती, आपल्याकडची इंजिनिअर, बाहेरच्या खोलीत उगाच कागद नीट लावत बसली होती. शेवटी माझा तोल गेला.

"तुझ्या या शंकांपायी तुझ्याच गावावर राख पडत राहणार आहे, धोटे."

तू निवलेला कप बाजूला सारलास. आवाज चढवला नाहीस. त्यामुळेच मला जास्त राग आला.

"खोट्या वाऱ्यानं राख थांबते का? ते दिवस काढून टाक बाई. अन् मंग सांग मले, काय राह्यते."

मी पर्स उचलली आणि निघाले. रविवारी मी तुला फोन केला नाही, तूही केला नाहीस. सोमवारी सकाळी वहिनींचा फोन आला. दाढी करता करता तू खाली बसलास म्हणे, आणि मग उठलाच नाहीस.

वाघोलीला तुझ्या घरी पोचेपर्यंत रस्त्यातल्या ट्रॅफिकने माझा जीव घेतला. तू रोज हे कसं करत होतास, देव जाणे. पेठेत भाड्याने घर घे म्हणून मी किती वर्षं मागे लागले होते. दुसऱ्या दिवशी तिथे गावाकडचे लोक होते, रात्रभर गाडी करून आलेले, सोसायटीतले होते, आपले क्लायंटही होते. प्रत्येक जण तुझ्याबद्दल काही ना काही सांगत होता, आणि त्यातला निम्मा धोटे मला ओळखू येत नव्हता. कुणी म्हणालं, फार शांत माणूस. मला वाटलं, चुकीच्या घरी आले की काय.

केळकर दिवसकार्याच्या वेळी आले. माणूस वाईट नाही, तुलाही तो आवडायचा. माझ्याशेजारी बसून हळूच म्हणाले की अहवाल तर धोटेसाहेबांनी पाहिलाच होता, त्यांचं स्वप्नच होतं ते, त्यांनी सही केलीच असती. आपण अहवाल त्यांच्या स्मृतीला अर्पण करू आणि त्यांच्या नजरेखालून गेला आहे असं लिहू, समुद्रावर काम उभं राहिलं की हेच त्यांचं स्मारक. आजूबाजूच्यांनी माना हलवल्या. एकाने डोळे पुसले. आणि मी, धोटे, मी म्हणाले, बघू. पुण्यात बघू म्हणजे नाही, हे तू सगळ्यांना सांगत फिरायचास. त्या दिवशी माझं बघू म्हणजे जवळजवळ हो होतं. मला ते ऐकायला बरं वाटलं होतं. तू माझ्या बाजूने होतास, फक्त सांगायचं राहून गेलं, असं म्हणायला माझी काही हरकत नव्हती.

निघताना स्वयंपाकघरात वहिनींजवळ बसले. त्या कणिक मळत होत्या, लोक इतके जमलेले असताना स्वतःच मळत होत्या, कारण हाताला काम नसलं की त्यांना रडू येत होतं. मी म्हटलं, वहिनी, शनिवारी आमचं भांडण झालं होतं. त्यांनी मान वर न करता सांगितलं की त्यांना माहीत आहे. शनिवारी भांडण झालं की तू घरी पोटभर जेवायचास, ज्या शनिवारी झालं नाही त्या शनिवारी आमटी बेचव आहे म्हणायचास. मी विचारलं, मग त्या शनिवारी?

"दोन भाकरी जास्त खाल्ल्या त्यांनी. हसत होते. म्हणे, बाई लय चिडली आज, म्हणजे सोमवारी उत्तर घेऊन येतेच पाहा तू."

धोटे, मी तिथे ओट्याला टेकून रडले. आणि रडत असतानाच मला तुझा भयंकर राग आला. तुला इतकी खात्री होती तर मला एक फोन करायला काय झालं होतं? रविवारचा अख्खा दिवस होता. मी तुला काय बोलून गेले तेच चघळत मी घरी बसले होते, आणि तू वाघोलीत भाकरी खात मजेत होतास.

परत येताना रिक्षात मला केळकरांचं बोलणं पुन्हा आठवलं. त्यांनी सही केलीच असती. तू गप्प झालास, आणि प्रत्येक जण तुझ्या तोंडी आपल्या सोयीचं बोलणं घालत होता. शांत माणूस काय, स्वप्न काय, सही काय. मला चीड आली, आणि मग येरवड्याच्या पुलाच्या आसपास कुठेतरी लक्षात आलं की आषाढातल्या दिवसांचं मी दुसरं काय केलं होतं? यंत्र बोलायचं थांबलं, म्हणून मी तिथे मला हवा तो वारा भरला. रिक्षावाल्याला मी घराऐवजी सदाशिव पेठेत न्यायला सांगितलं. त्याने कुरकुर केली. मीही केली.

ते दिवस काढले. त्या दिवसांत एकही पवनचक्की चालली नाही असं धरून सगळं पुन्हा मांडलं. रेवती मदतीला होती. आकडा आला तेव्हा ती बाहेर जाऊन चहा सांगून आली. आकडा खाली आला होता, धोटे. चांगलाच खाली. बँक हो म्हणेल असा तो राहिलेला नाही, आणि नाहीच म्हणेल असाही नाही. मी दोन्ही आकडे अहवालात घातले, जुना आणि नवा, आणि मधलं कुठलं खरं ते आम्हाला माहीत नाही असं स्वच्छ लिहिलं. आषाढात टिकेल असं दुसरं यंत्र लावून आणखी एक पावसाळा मोजा, असंही लिहिलं. शेवटच्या पानावर माझी सही केली. तुझी जागा रिकामी ठेवली. नजरेखालून गेला वगैरे काही लिहिलं नाही. फक्त खाली लिहिलं की उलटतपासणी पूर्ण होण्याआधी आमचे सहकारी वारले, त्यांचा शेवटचा प्रश्न असा होता. आणि त्या गुळगुळीत इंग्रजी अहवालात तुझा प्रश्न तुझ्याच बोलीत, देवनागरीत घातला. रेवती म्हणाली, मॅडम, मंले नाही, मले. तिने दुरुस्त केलं.

केळकरांचा फोन आला. आधी त्यांनी वहिनींची चौकशी केली. मग म्हणाले, "मॅडम, एवढं सगळं लिहायलाच हवं होतं का?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, आता आमच्या संचालकांचं काय होतंय ते बघतो. त्यांचं बघतो कुठल्या अर्थाचं आहे ते मला अजून कळलेलं नाही. काम रखडेल, किंवा जाईल. गेलं तर तुमच्या गावावर राख पडतच राहील, आणि त्यात माझ्या सहीचा वाटा असेल. तू मला सांगायला हवं होतंस की त्याचं काय करायचं. खोट्या वाऱ्याने राख थांबत नाही, हे तू बरोबर सांगितलंस, मान्य. खऱ्या वाऱ्यानेही थांबली नाही तर? त्यावर तू काहीच म्हणाला नाहीस, आणि मी तुझ्या वतीने काही म्हणणार नाही. झोप लागत नाही, एवढं मात्र सांगते.

वहिनी पुढच्या आठवड्यात गावी जाऊन येणार आहेत. तुझ्या आईच्या तुळशीचं रोप वाघोलीच्या गॅलरीत लावायचं म्हणतात. मी त्यांना विचारलं, तिथे अजून पानं धुवावी लागतात का? त्या म्हणाल्या, लागतात न.

खाली दवाखाना बंद झालाय. रेवती घरी गेली. तुझी खुर्ची मी हलवलेली नाही, तिच्यावर फाइली ठेवायला सुरुवात झाली आहे, ते तुला आवडलं नसतं. मी आरोपीच्या खुर्चीत बसून हे लिहितेय, समोर चहा आहे, पूर्ण कप, बघ. तू मला विचारलं होतंस ते दिवस काढले तर काय राहतं. सोमवारी उत्तर आणीन म्हणाला होतास, उशीर झाला. कमी राहतं, धोटे. आपल्याला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच कमी. पण राहतं.

आज शनिवार आहे. आता विचार ना, काऊन.